शाब्दिक उदाहरणं: समीकरण सुटतं, पण मांडताच येत नाही (अंतर, वेग, वेळ)

रंकाळाकाठी | सोमवार, रात्री ९:४०

माझी मुलगी यंदा दहावीला आहे. कोल्हापुरातच, मराठी माध्यम. गणितात ढ नाही. दोन चलांतील रेषीय समीकरणं दिली तर क्रेमरच्या पद्धतीने निर्धारक काढून चटकन मोकळी होते. वर्गसमीकरणाचे अवयवही पाडते. पण तेच समीकरण बस, नाव नाहीतर आगगाडी होऊन समोर आलं की तिचं पेन थांबतं.

काल रात्रीचंच सांगते. मीच तिला घरचं उदाहरण घातलं होतं: "कोल्हापूर ते पुणे अंतर २४० किमी धरा. एका बसचा वेग ताशी १२ किमीने जास्त असता तर ती १ तास लवकर पोचली असती. बसचा वेग काढा."

तिने वेग क्ष मानला. इथवर बरोबर. मग लिहिलं:

२४०/(क्ष + १२) − २४०/क्ष = १

सोडवत गेली आणि क्ष² + १२क्ष + २८८० = ० आलं. विवेचक ऋण. वास्तव मुळंच नाहीत. मला म्हणाली, "आई, तुझं उदाहरणच चुकलंय." पाऊण तास त्याच पानावर होती. शेवटी वही मिटून झोपली.

मी वाणिज्य शाखेची, गणित सोडून वीस वर्षं झाली. चूक कुठे आहे ते मला दिसलं, पण ती तिथे का होते हे तिला समजेल असं सांगता आलं नाही. तुम्ही मुलांना ही उदाहरणं कशी शिकवता?

---

आकडेमोड | सोमवार, रात्री १०:०५

ताई, आम्हाला क्लासमध्ये त्रिकोण शिकवला होता. वरच्या खणात अंतर, खाली डावीकडे वेग, उजवीकडे वेळ. जे काढायचं त्यावर बोट ठेवायचं, उरलेलं सूत्र. मला त्याचा उपयोग झाला.

---

फळा_खडू | सोमवार, रात्री ११:२०

करवीर तालुक्यात एकतीस वर्षं माध्यमिकला गणित शिकवलं, आता निवृत्त आहे. हा प्रश्न माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे, म्हणून लांब लिहितो.

आकडेमोड, त्रिकोण वाईट नाही. पण त्याने भागायचं की गुणायचं एवढंच कळतं. ताईंच्या मुलीला तेवढं येतंच. २४०/क्ष तिने बरोबर लिहिलंय. तिची अडचण त्याच्या पुढे आहे.

तिची चूक मी शेकडो वह्यांत पाहिली आहे. (क्ष + १२) ही मोठी संख्या आहे, म्हणून २४०/(क्ष + १२) हेही मोठंच असणार असं मुलाच्या मनात बसतं आणि "मोठ्यातून लहान वजा" ही पहिलीपासूनची सवय हात ओढून नेते. पण मोठा वेग म्हणजे कमी वेळ. छेद वाढला की अपूर्णांक घटतो. तिला हे सांगू नका, विचारा: "कुठल्या बसला जास्त वेळ लागला, हळू चालणाऱ्या की जोरात चालणाऱ्या?" उत्तर ती हसत देईल. मग म्हणा, "ज्या बसला जास्त वेळ लागला तिचा वेळ आधी लिही."

२४०/क्ष − २४०/(क्ष + १२) = १

क्ष(क्ष + १२) = २८८०
क्ष² + १२क्ष − २८८० = ०
(क्ष + ६०)(क्ष − ४८) = ०

वेग ताशी ४८ किमी. ताळा: ४८ ने ५ तास, ६० ने ४ तास. फरक १ तास.

एक गंमत तिला जरूर दाखवा. −६० हे मूळ आपण "वेग ऋण नसतो" म्हणून टाकून देतो. पण ते कुठून आलं? वाढवलेला वेग ६० आहे, त्याचंच ऋण रूप. क्ष(क्ष + १२) या गुणाकारात ४८ × ६० बसतं, तसंच (−६०) × (−४८) हेही बसतं. म्हणजे टाकून दिलेल्या मुळाचं चिन्ह बदललं की दुसऱ्या बसचा वेग फुकट मिळतो.

आता मुख्य मुद्दा. क्ष मानण्याच्या आधी मी मुलांना एकच प्रश्न विचारायला लावायचो: या गोष्टीत सारखं काय आहे? दोन बस असोत नाहीतर एकाच बसच्या दोन फेऱ्या, अंतर सारखं आहे की वेळ सारखी आहे की वेग सारखा आहे? तुमच्या उदाहरणात अंतर सारखं, २४० आणि २४०. मग उरलेल्या दोहोंपैकी एकाला क्ष म्हणायचं आणि दुसऱ्याच्या फरकावरून समीकरण मांडायचं.

कुणाला क्ष म्हणायचं हेही आपल्या हातात असतं. मुलं "वेग काढा" वाचतात आणि वेगालाच क्ष करून टाकतात. सक्ती नाही. इथे वेळेला क्ष मानून बघा. पहिल्या बसला क्ष तास, दुसरीला (क्ष − १) तास. वेगातला फरक १२:

२४०/(क्ष − १) − २४०/क्ष = १२
क्ष(क्ष − १) = २०

लागोपाठच्या दोन संख्यांचा गुणाकार २०. सातवीतलं पोर सांगेल, ५ आणि ४. वेळ ५ तास, वेग २४० ÷ ५ = ४८. कुठे २८८० चे अवयव आणि कुठे २० चे!

वहीत तीन रकान्यांची चौकट आखायला लावा: अंतर, वेग, वेळ. दोन ओळी, दोन बससाठी. सहा खणांत आधी दिलेलं भरायचं, मग क्ष, आणि शेवटचा खण सूत्राने. समीकरण त्या शेवटच्या रकान्यातून आपोआप उभं राहतं.

---

रंकाळाकाठी | मंगळवार, सकाळी ७:१०

सर, शाळेला जायच्या आधी तिला पाच मिनिटं गाठलं. "कुठल्या बसला जास्त वेळ लागला?" एवढंच विचारलं. एक क्षण गप्प बसली आणि कपाळाला हात लावला. क्ष(क्ष − १) = २० बघून म्हणाली, "हे चालतं? वेळेला क्ष मानलेलं चालतं?" तिला वाटायचं की जे विचारलंय त्यालाच क्ष मानायचं असतं. मनापासून आभार.

---

लालपरी | मंगळवार, दुपारी २:३०

आमी यष्टीत ड्रायव्हर हुतो, बावीस वर्सं. गणित शाळंतलं न्हाई, रस्त्यावरचं सांगतो.

नवीन पोरगं ड्युटीवर आलं की म्हणायचं, जाताना ताशी ३० पडला, येताना ६० मारतो, म्हंजे सरासरी ४५. न्हाई पडत बाबा ४५. आमच्या पन्हाळ्याचंच घ्या. कोल्हापूर-पन्हाळा २० किमी धरा. वर चढताना ३० नं गेला, ४० मिनटं लागली. उतरताना ६० नं आला, २० मिनटं. एकूण ४० किमी, एकूण १ तास. सरासरी ४० पडली.

का? हळू चालतानाच गाडी जास्त वेळ रस्त्यावर हाय. त्या ३० चं वजन जास्त. घाटातली गाडी घड्याळ खाती, ती सपाटीला भरून निघत न्हाई.

---

आकडेमोड | मंगळवार, दुपारी ३:१५

लालपरी दादा, एक नंबर. मग माझा प्रश्न: पन्हाळ्याला चढताना ताशी ३० च पडला. आता येताना किती वेगाने आलो तर दोन्ही फेऱ्या मिळून सरासरी ६० पडेल?

---

गृहपाठ | मंगळवार, दुपारी ३:४०

९०. (३० + ९०) ÷ २ = ६०.

---

लालपरी | मंगळवार, दुपारी ४:०५

न्हाई. सरासरी ६० पायजे तर ४० किमीला ४० मिनटंच मिळत्यात. ती सगळी चढतानाच संपली. आता खाली यायला शून्य मिनटं उरली. इमान जरी आणलं तरी जमत न्हाई.

---

गृहपाठ | मंगळवार, दुपारी ४:३०

खरंच की! मी आठवी-नववीच्या शिकवण्या घेते आणि तरी पटकन ९० लिहून गेले. कागदावर मांडून बघितलं. ६० सरासरीसाठी २०/३० + २०/क्ष = ४०/६०, म्हणजे २०/क्ष = ०. असा क्ष नाहीच. दादा, हे मी उद्या वर्गात घेणार.

आता माझ्या मुलांच्या वह्यांत सगळ्यात जास्त सापडणारी चूक सांगते, ती मांडणीची नाही, एककाची आहे. "१ तास २० मिनिटे" हे मुलं १.२० तास लिहितात. साठ मिनिटांचा तास आणि शंभर पैशांचा रुपया यांची सरमिसळ. २० मिनिटं म्हणजे १/३ तास, त्यामुळे १ तास २० मिनिटं म्हणजे ४/३ तास. दशांश चिन्ह काढूच देत नाही मी, अपूर्णांकच लिहा म्हणते. बीजगणितात तेच सोयीचं पडतं.

दुसरं, पाठलागाचं उदाहरण. मुलगा सकाळी ७ ला एसटीने जयसिंगपूरला निघाला, बस ताशी ४०. डबा घरीच राहिला. वडील ७:१५ ला मोटरसायकलवर निघाले, ताशी ५०. कधी गाठतील? इथे सरांचा प्रश्न विचारला की दार उघडतं. सारखं काय? गाठलं त्या जागेपर्यंतचं अंतर दोघांचं सारखं. वेळ सारखी नाही, बस पाव तास जास्त चाललीय.

५०क्ष = ४०(क्ष + १/४), म्हणून क्ष = १ तास. म्हणजे ८:१५ ला, कोल्हापूरपासून ५० किमीवर.

एका मुलीने वर्गात हात वर केला, "बाई, जयसिंगपूर तर चाळीसेक किमीवरच आहे. बस तर आधीच पोचली!" मला इतका आनंद झाला! समीकरण बरोबर होतं, उत्तर रस्त्यावर बसत नव्हतं. मग आम्ही वडिलांचा वेग ६० केला. बस १० किमी पुढे, दर तासाला २० किमी अंतर कमी होतंय, म्हणजे अर्ध्या तासात गाठलं, ३० किमीवर, हातकणंगल्याच्या पुढे. आता डबा वेळेत मिळाला.

---

फळा_खडू | मंगळवार, रात्री १०:५०

गृहपाठ ताई, "दर तासाला २० किमी अंतर कमी होतंय" हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण त्या वाक्यात दीड हजार वर्षांचा वारसा आहे.

आर्यभटाने इ. स. ४९९ च्या आपल्या ग्रंथात, गणितपादात, हाच नियम दिला आहे. दोन ग्रह एकमेकांच्या विरुद्ध दिशेने चालले असतील तर त्यांच्यामधल्या अंतराला गतींच्या बेरजेने भागा, एकाच दिशेने चालले असतील तर गतींच्या फरकाने भागा. भेटीची वेळ मिळते. विलोम आणि अनुलोम हे त्याचे शब्द. त्याच्यापुढे ग्रह होते, आपल्यापुढे एसटी आणि मोटरसायकल.

विलोमाचं उदाहरण आपल्याच महामार्गावर घ्या. कोल्हापूर-पुणे २३० किमी धरू. एक गाडी कोल्हापूरहून ताशी ६० ने, दुसरी पुण्याहून ताशी ५५ ने, दोघी सकाळी ८ लाच निघाल्या. सारखं काय? या वेळी वेळ सारखी. २३० ÷ (६० + ५५) = २ तास. भेट १० वाजता, कोल्हापूरपासून १२० किमीवर, साताऱ्याच्या आसपास.

आणि भास्कराचार्यांचा मोर. लीलावतीत (इ. स. ११५०) ९ हात उंच खांबावर पाळीव मोर बसलाय, खांबाच्या बुंध्याशी सापाचं बीळ आहे. साप २७ हातांवरून बिळाकडे येताना मोराला दिसतो आणि मोर त्याच्यावर तिरकी झेप घेतो. दोघांची गती सारखी. बिळापासून किती हातांवर गाठ पडेल?

वेग एकही दिलेला नाही! मुलं इथेच हबकतात. पण विचारा, सारखं काय? गती सारखी, निघाले एकाच क्षणी, म्हणजे वेळही सारखी. मग अंतरही सारखंच. बिळापासून क्ष हातांवर गाठ पडली तर साप २७ − क्ष चालला आणि मोर काटकोन त्रिकोणाच्या कर्णावरून आला:

८१ + क्ष² = (२७ − क्ष)²
८१ = ७२९ − ५४क्ष
क्ष = १२

साप १५ हात चालला, मोर १५ हात उडाला. ९, १२, १५. वर्गसमीकरण वाटतं, पण क्ष² दोन्हीकडून कटतो आणि पायथागोरसचं त्रिकुट हातात येतं. हे उदाहरण शिकवायचो त्या दिवशी मधली सुट्टी झाली तरी मुलं उठायची नाहीत.

---

पंचगंगातीर | बुधवार, सकाळी ८:२०

नावेची उदाहरणं राहिली. आमच्याकडे शिरोळला नदीच नदी, कृष्णा-पंचगंगेचा संगमही इथेच नरसोबाच्या वाडीला. म्हणून मीच लिहितो.

नाव १२ किमी प्रवाहाच्या विरुद्ध ३ तासांत गेली आणि तेच अंतर प्रवाहाबरोबर २ तासांत परत आली. संथ पाण्यातला नावेचा वेग क्ष, प्रवाहाचा य:

क्ष − य = ४
क्ष + य = ६

बेरीज केली की क्ष = ५, य = १. हे सोपं आहे. पण मुलांना पुढचा प्रश्न विचारा: नदीने जाताना जेवढं अडवलं तेवढंच येताना ढकललं, मग फिटंफाट झाली का? संथ पाण्यात २४ किमीला ताशी ५ ने ४ तास ४८ मिनिटं लागली असती. नदीत ५ तास लागले. १२ मिनिटं नदीने ठेवून घेतली. कारण लालपरी दादांनी वर सांगितलंय तेच, अडवणारं पाणी जास्त वेळ भेटतं.

आणखी एक. अंतर, वेग, वेळ हे गणित फक्त गाड्यांचं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत, महापुराच्या वेळी, आमच्या घरात दिवसरात्र हेच गणित चालू होतं. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. मधे ४ फूट, म्हणजे ४८ इंच. पाणी तासाला २ इंच चढत असेल तर २४ तास हातात. तासाला ३ इंच झालं तर १६ तास. जनावरं कधी हलवायची, धान्य कधी माळ्यावर टाकायचं, सगळं त्या भागाकारावर. माझ्या वडिलांनी दारच्या खांबावर खडूने दर तासाला रेघ मारली होती. वरच्या रेघांमधलं अंतर कमी कमी होत गेलं तसं घरात सगळ्यांना हायसं वाटायला लागलं.

राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की बातमीत येतं, एका दरवाजातून १४२८ क्युसेक. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. सातही दरवाजे उघडले तर ७ × १४२८ = ९९९६, म्हणजे जवळजवळ १०,००० क्युसेक. दिवसाचे ८६,४०० सेकंद. गुणा, ८६ कोटी घनफुटांच्या वर जातं. १०० कोटी घनफूट म्हणजे १ टीएमसी, तर दिवसाला साधारण ०.८६ टीएमसी. वेग गुणिले वेळ, तेच सूत्र. फक्त अंतराच्या जागी पाणी आलं.

---

आकडेमोड | बुधवार, दुपारी १:००

अंगावर काटा आला वाचून. त्या खडूच्या रेघा डोळ्यांपुढून जात नाहीत.

पण एक विचारतो, पाणी चढण्याचा वेग कायम राहत नाही ना? नदी पात्राबाहेर पसरली की तेवढ्याच पाण्याला कमी इंच चढ येतो.

---

पंचगंगातीर | बुधवार, दुपारी १:३५

अगदी बरोबर. म्हणूनच दर तासाला रेघ. दर तासाला नवा वेग, नवा भागाकार. परीक्षेतल्या उदाहरणात "एकसमान वेगाने" हे शब्द असतात ते याचसाठी, मुलं नेमके तेच वाचत नाहीत.

---

गृहपाठ | बुधवार, सायंकाळी ६:१०

आगगाडीचं एक कुणी सांगा. पूल ओलांडायचा असला की मुलं फक्त पुलाची लांबी घेतात, गाडीची विसरतात.

---

फळा_खडू | बुधवार, रात्री ९:३०

वर्गात मी लाकडी पट्टी आणि वही घ्यायचो. वही म्हणजे रुकडीजवळचा पंचगंगेवरचा रेल्वेपूल, पट्टी म्हणजे मिरजेची गाडी. पट्टीचं पुढचं टोक वहीच्या कडेला लावायचं आणि तिथे बोट ठेवायचं. मग पट्टी सरकवत न्यायची, शेवटचा डबा पुलावरून उतरेपर्यंत. आता पुढचं टोक कुठे आहे? वहीच्याही पलीकडे, आख्ख्या पट्टीभर. बोटापासून तिथपर्यंत मोजा. पूल अधिक गाडी. एकदा स्वतःच्या हाताने सरकवलं की मूल पुन्हा विसरत नाही.

आकड्यांत: गाडी २४० मीटर, पूल ३६० मीटर धरा, वेग ताशी ५४ किमी. ५/१८ ने गुणलं की सेकंदाला १५ मीटर (१००० मीटर भागिले ३६०० सेकंद, तिथून तो ५/१८ येतो). ६०० ÷ १५ = ४० सेकंद. खांब ओलांडायचा असता तर फक्त गाडीची लांबी, १६ सेकंद.

---

रंकाळाकाठी | शनिवार, सायंकाळी ७:४५

चार दिवस आमच्या घरात हा धागाच चालू आहे. पट्टी आणि वही तिने स्वयंपाकघराच्या ओट्यावर सरकवून बघितली, धाकट्या भावालाही दाखवली. तीन रकान्यांची चौकट आता न सांगता आखते.

आज संध्याकाळी आम्ही तिघी, ती, मी आणि तिची आजी, रंकाळ्यावर फिरायला गेलो होतो. आजी हळू चालते, मी भराभर. परत आल्यावर तिने स्वतःहून एक उदाहरण तयार केलं आणि म्हणाली, "हे सरांना घाल." तिच्याच शब्दांत देते:

"तळ्याभोवतीची एक फेरी ४ किमी आहे असे मानू. आई आणि आजी एकाच जागेवरून एकाच वेळी निघतात व एकसमान वेगाने चालतात. विरुद्ध दिशेने चालल्या तर २४ मिनिटांनी भेटतात. एकाच दिशेने चालल्या तर आई आजीला २ तासांनी गाठते. दोघींचे वेग काढा."

उत्तर मी बघितलेलं नाही, तिने वही लपवून ठेवलीय.

---

लालपरी | शनिवार, रात्री ८:२०

लेकीला सांगा, यष्टीतल्या काकानं सोडीवलं. २४ मिनटं म्हंजे २/५ तास. इरुद्ध दिशेनं दोघी मिळून एक फेरी करत्यात, म्हंजे बेरीज ४ भागिले २/५, १० आली. एका दिशेनं आई आजीपेक्षा एक आख्खी फेरी जास्त चालती, म्हंजे फरक ४ भागिले २, २ आला. आई ताशी ६, आजी ताशी ४.

---

फळा_खडू | शनिवार, रात्री ८:५५

ताळा: २४ मिनिटांत आई २.४ किमी, आजी १.६ किमी, मिळून ४. दोन तासांत आई १२, आजी ८, फरक ४, बरोबर एक फेरी.

बाळ, बेरीज आणि फरक दोन्ही एकाच उदाहरणात, आणि "एकसमान वेगाने" हे शब्दही तू विसरली नाहीस. आता तळ्याऐवजी सरळ रस्ता घे आणि दुसरं कर. वाट बघतो.